जिंकलेला हक्क पुन्हा पुन्हा का जिंकायचा?

1 जुलै 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या जवळपास 300 याचिका एकाच निकालाने फेटाळल्या. सैनिकांच्या सेवेविषयीचे वाद ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाने निवृत्त सैनिकांना मंजूर केलेले अपंगत्व निवृत्तिवेतन रद्द करावे, अशी मागणी या सगळ्या याचिकांतून करण्यात आली होती. वादातले आजार प्रामुख्याने उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांसारखे होते आणि सरकारचे म्हणणे थोडक्यात असे होते की, हे आजार जीवनशैलीचे आहेत, ते कोणालाही होतात, त्यांचा लष्करी सेवेशी संबंध नाही. न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. आजार सेवेमुळे झालेला नाही असे वैद्यकीय मंडळाला वाटत असेल, तर तसे का वाटते याची ठोस कारणे मंडळाने नोंदवलीच पाहिजेत. ‘आजार जीवनशैलीचा आहे’ किंवा ‘तो शांतता क्षेत्रातल्या (म्हणजे सीमा किंवा मोहिमेपासून दूरच्या ठाण्यातल्या) नेमणुकीत उद्भवला’ एवढे लिहून हक्क नाकारता येणार नाही, असा या निकालाचा गाभा आहे.

निकाल योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अस्वस्थ करतो तो 300 हा आकडा. एखाद्या कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल, तर सरकारने एक प्रकरण घेऊन वरच्या न्यायालयात जावे आणि उत्तर मिळवावे, यात गैर काहीच नाही. परंतु येथे उत्तर बारा वर्षांपूर्वीच मिळालेले होते. ते उत्तर माहीत असतानाही, तेच मुद्दे घेऊन, शेकडो निवृत्त सैनिकांविरुद्ध स्वतंत्र याचिका दाखल झाल्या. त्यामुळे प्रश्न केवळ एका आजाराच्या वर्गीकरणाचा उरत नाही. न्यायालयाने एकदा सांगितलेला कायदा सरकार सर्वांना लागू करणार की जो भांडेल त्याच्यापुरताच ठेवणार, हा खरा प्रश्न आहे. आणि सैनिकांच्या बाबतीत सरकारचे आजवरचे वर्तन दुसऱ्या प्रकारचे राहिले आहे, असे माझे म्हणणे आहे.

बारा वर्षांपूर्वीचे ते उत्तर काय होते, हे थोडे तपशिलात पाहायला हवे. सिग्नल कोअरमध्ये 1985 साली भरती झालेल्या एका शिपायाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या (फिट येण्याच्या) कारणावरून ‘बोर्ड आउट’ करण्यात आले, म्हणजे वैद्यकीय मंडळाच्या मतावरून सेवेतून कमी करण्यात आले. अपंगत्व 20 टक्के ठरले. मात्र आजार सेवेशी निगडित नाही, असा शेरा मारून निवृत्तिवेतन नाकारले गेले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि जुलै 2013 मध्ये न्यायालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाबाबतच्या 1982 च्या हक्क नियमांचा अर्थ सविस्तर उलगडून दाखवला. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो माणूस त्या वेळी धडधाकट होता असे गृहीत धरायचे. पुढे प्रकृती ढासळून तो सेवेतून बाहेर पडला, तर ती सेवेमुळे ढासळली असे मानायचे. आपला आजार सेवेतूनच आला हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही आणि जिथे रास्त शंका असेल तिथे शंकेचा फायदा त्याला द्यायचा. हे गृहीतक सरकारला खोडून काढता येते, पण त्यासाठी वैद्यकीय मंडळाने कारणे लिहिली पाहिजेत.

यात न्यायालयाने दयेपोटी काही वाढवून दिले, असे समजण्याचे कारण नाही. हे नियम सरकारनेच केलेले होते आणि त्यांच्यामागचा विचारही साधा आहे. सैन्य माणसाला घेते तेव्हा त्याची छाती, उंची, दृष्टी, दात, पाय असे सगळे तपासून घेते. नाकारण्याचा पूर्ण अधिकार त्या वेळी सैन्याला असतो आणि तो अधिकार सैन्य सढळपणे वापरते. एकदा तपासून, पसंत करून घेतलेला माणूस पंधरा-वीस वर्षांनी आजारी होऊन बाहेर पडतो, तेव्हा मधल्या काळात त्याचे राहणे, खाणे, झोप, रजा, कुटुंबापासूनचे अंतर हे सगळे सैन्यानेच ठरवलेले असते. अशा माणसाकडे पुरावा मागणे अन्यायाचे आहे, कारण पुरावा त्याच्याकडे असूच शकत नाही. त्याच्या आजारपणाच्या नोंदी, नेमणुकांची कागदपत्रे, रुग्णालयातले केसपेपर हे सगळे सरकारच्याच ताब्यात असते.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. निवृत्तीच्या आधी सैनिकाची ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ होते. जो ‘लो मेडिकल कॅटेगरी’त, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या श्रेणीत असेल, त्याच्या छापील अर्जात तीन प्रश्नांची उत्तरे मंडळाला भरायची असतात: आजार सेवेमुळे उद्भवला आहे का, सेवेमुळे बळावला आहे का, आणि कारणे कोणती. पहिल्या दोन रकान्यांत ‘नाही’, ‘नाही’ येते. तिसऱ्या रकान्यात एक ठरावीक मजकूर येतो: आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली, फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेतील सेवेच्या ताणाशी त्याचा निकटचा कालसंबंध दिसत नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतील अमुक परिच्छेद पाहावा. दोन वेगवेगळ्या माणसांच्या, दोन वेगवेगळ्या तुकड्यांतल्या, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या अर्जांवर हा मजकूर जवळपास सारखाच असतो. सियाचीनच्या किंवा काश्मीरच्या दोन नेमणुका करून तो जवान पुण्यात किंवा अहिल्यानगरला आला आणि तिथे पहिल्यांदा त्याचा रक्तदाब वाढलेला आढळला, तर आजार अहिल्यानगरचा धरला जातो. वाढलेला रक्तदाब बरेचदा वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता शरीरात राहतो आणि तो कळतो ते तपासणी झाल्यावर, ही वैद्यकशास्त्रातली प्राथमिक गोष्ट. ती या रकान्यात कुठेच दिसत नाही.

हृदयविकाराच्या बाबतीत तर आजार जाणवण्याच्या आधीच्या 14 दिवसांत त्या माणसाने कोणती ड्युटी केली, याचा तक्ता मागवण्याची पद्धत आहे. धमनीत अडथळा तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात, आणि आपण पंधरवड्याची हजेरी तपासतो. झटका नेमका केव्हा आला यासाठी त्या चौदा दिवसांना काही महत्त्व असेलही, परंतु आजाराचा संपूर्ण हिशेब त्यांच्यावर मांडणे अशास्त्रीय आहे.

मार्च 2025 मध्ये, जुलैचा निकाल देणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या त्याच खंडपीठासमोर अशीच दोन प्रकरणे आली होती. त्यांतल्या एकात मधुमेह झालेला निवृत्त सुभेदार होता. 1985 ते 2015 अशी तीस वर्षांची त्याची सेवा होती. शांतता क्षेत्राचा तोच शेरा तिथेही होता आणि न्यायालयाने तो अपुरा ठरवला. अपंगत्व निवृत्तिवेतन हे औदार्य नाही, ती सैनिकाच्या त्यागाची रास्त दखल आहे, अशा आशयाची भूमिका त्या निकालात घेतली गेली. घरात ऊबेत बसून कॉफी पिणारे आपण आणि सीमेवर बर्फाळ वाऱ्यात उभा असलेला जवान, असे चित्रही त्यात रंगवलेले आहे. वृत्तपत्रांनी उचलले ते हे चित्र. मला स्वतःला निकालपत्रातली अशी वाक्ये थोडी अडचणीची वाटतात. कृतज्ञतेच्या भाषेत हक्क सांगितला की तो पुन्हा कृतज्ञतेच्या पातळीवर उतरतो, आणि मग कोणाचा त्याग किती मोठा याची तुलना सुरू होते. कोठारात हिशेब ठेवणाऱ्या कारकुनालाही नियम तेच लागू आहेत आणि लागू राहिले पाहिजेत. न्यायालयाचा खरा भक्कम मुद्दा नियमांच्या भाषेतला होता आणि तेवढा पुरेसा होता.

पैशाच्या दृष्टीने हा वाद केवढा आहे, हेही समजून घ्यावे. 100 टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो. उदाहरणादाखल शेवटचे वेतन 50,000 रुपये धरले, तर 100 टक्क्यांना महिना 15,000 आणि 20 टक्के अपंगत्वाला 3,000 रुपये होतात. टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा नियम, ज्याला माजी सैनिक ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणतात, लागू झाला की 50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 टक्के धरले जाते आणि ती रक्कम 7,500 होते. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला नियमित निवृत्तिवेतन मिळतच असते. भांडण या वरच्या रकमेपुरते असते. मात्र नऊ-दहा वर्षांत बोर्ड आउट झालेल्या शिपायाचे गणित वेगळे आहे. जवानाला सेवा निवृत्तिवेतनासाठी किमान 15 वर्षांची सेवा लागते. ती पुरी होण्याआधीच आजाराने बाहेर काढलेल्या माणसाचे जवळजवळ सगळे भवितव्य त्या रकान्यातल्या ‘नाही’वर अवलंबून असते.

या टक्केवारीच्या नियमाचा इतिहासही बोलका आहे. 31 जानेवारी 2001 च्या आदेशाने हा लाभ दिला गेला, तो फक्त मुदतीआधी अपंगत्वामुळे बाहेर काढलेल्यांना. तेच अपंगत्व घेऊन ज्याने पूर्ण मुदत सेवा केली, त्याला तो नाकारला गेला. म्हणजे आजारी असूनही जो कामावर राहिला, त्याचे नुकसान झाले. न्यायाधिकरणाने हा भेद अमान्य केला, सरकारने अपिले केली आणि 10 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची अशी शेकडो अपिले एकत्रच फेटाळली. त्याच्या पुढच्याच वर्षी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी मंत्रालयाची खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. नोव्हेंबर 2015 मध्ये तिचा अहवाल आला आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्धची अपिले मागे घ्यावीत, असा तिचा सल्ला होता. 2014 मधली शेकडो अपिले आणि 2025 मधल्या 300 याचिका यांच्या मधोमध हा अहवाल उभा आहे. मंत्रालयाला मार्ग माहीत नव्हता, असे म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही.

उच्च न्यायालयापर्यंतचा रस्ता कसा उघडला, यातही एक विसंगती आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरण 2007 च्या कायद्याने आले आणि 2009 पासून काम करू लागले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. हेतू चांगला होता, सैनिकांची गाऱ्हाणी लवकर सुटावीत. परंतु 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयांनी सर्वसाधारणपणे याचिका ऐकू नयेत. थेट सर्वोच्च न्यायालयात जायचे, तर सर्वसाधारण सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न दाखवावा लागतो. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या निवृत्त नाईकाच्या पेन्शनमध्ये असा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न कुठून सापडणार? न्यायाधिकरणात हरलेल्या सामान्य सैनिकासाठी पुढचे दार त्या काळात जवळजवळ बंदच होते. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी फोडली. संविधानाच्या अनुच्छेद 226 खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे 1997 मध्येच ठरले होते. न्यायाधिकरणाच्या कायद्याने तो हिरावला जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या प्रकरणात केंद्र सरकारची भूमिका उच्च न्यायालयाला असा अधिकार नाही, अशी होती. सरकार हरले. आणि त्यानंतर सैनिकांसाठी उघडलेल्या त्याच दारातून सरकारच आपल्या शेकडो याचिका घेऊन आत शिरले.

सैनिकासाठी न्यायालयाचे दार इतर कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक मोलाचे का आहे, हेही येथे सांगायला हवे. अनुच्छेद 33 नुसार संसदेला सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करता येतात आणि तसे कायदे झालेले आहेत. सैनिकाला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, वृत्तपत्राकडे तक्रार घेऊन जाता येत नाही. शिस्तीसाठी हे आवश्यक आहे, हे मान्यच करावे लागेल. पण ज्याच्याकडून दबाव आणण्याची सगळी साधने काढून घेतली, त्याच्याशी वागताना राज्यसंस्थेवर अधिक जबाबदारी येते. बँक कर्मचारी किंवा एसटीचा वाहक संघटनेमार्फत वाटाघाटी करू शकतो. जवानाला वकील लावावा लागतो.

विरोधी बाजूचे मुद्दे गंभीर आहेत. पहिला मुद्दा गैरवापराचा. निवृत्तीच्या तोंडावर अनेकांना अचानक आजार आठवतात, विशेषतः वरिष्ठ अधिकाऱ्यांना, अशी कुजबुज लष्करातच ऐकू येते. कॅगच्या अहवालातही अपंगत्व निवृत्तिवेतनासह निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाण इतर दर्जाच्या सैनिकांच्या सुमारे दुप्पट असल्याचे दिसले होते. ही बाब खटकणारी आहे, कारण अतिउंच चौक्यांवर अधिकाऱ्यांपेक्षा जवानांची संख्या कितीतरी जास्त असते. दुसरा मुद्दा असा की, डॉक्टरांच्या मतावर न्यायाधीशांनी आपले मत लादू नये. तिसरा, आजच्या काळात मधुमेह खरोखरच सर्वत्र आहे. मग फौजीला वेगळा न्याय का?

तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर नियमातच आहे. नियम आजार सेवेमुळे उद्भवला का एवढेच विचारत नाही, सेवेमुळे बळावला का हेही विचारतो. प्रवृत्ती आनुवंशिक असू शकते. पण वेळी-अवेळी जागरण, अनियमित जेवण, महिनोन्महिने कुटुंबापासून दूर राहणे आणि सततची दक्षता यांनी ती बळावली का, याचे उत्तर केवळ ‘हा आजार नागरिकांनाही होतो’ असे असू शकत नाही. दुसऱ्या मुद्द्यातला तर्क अर्धाच खरा आहे. न्यायालये डॉक्टरांची जागा घेत नाहीत. ती डॉक्टरांना मताची कारणे विचारतात. स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाच्या मताला महत्त्व देऊन सैनिकाचा दावा फेटाळला. त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात मे 2025 मध्ये सैनिकाच्या बाजूने निकाल लागला, कारण तिथे मंडळाने आपल्या मताची कारणेच दिलेली नव्हती. रजेवर असताना बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या नाईकाचा दावा 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नाकारला, कारण त्या अपघाताचा लष्करी कामाशी काही संबंध नव्हता. न्यायालये सैनिक म्हटला की डोळे मिटून देतात, ही समजूत या निकालांसमोर टिकत नाही.

गैरवापराच्या मुद्द्याचे उत्तर मात्र सरकारने द्यायचे आहे. अधिकाऱ्यांचे प्रमाण संशयास्पद वाटत असेल, तर त्यांच्या वैद्यकीय मंडळांची तपासणी करावी, मंडळांतल्या डॉक्टरांना जाब विचारावा. एका मेजर जनरलच्या रक्तदाबाबद्दलचा संशय एका हवालदाराच्या पेन्शनमधून वसूल करणे, हा काही उपाय नव्हे. 1982 च्या नियमांनंतर आलेल्या 2008 च्या नियमांनी सैनिकाच्या बाजूचे स्पष्ट गृहीतक सौम्य केले. सप्टेंबर 2023 च्या नव्या नियमांनी चौकट आणखी घट्ट केली आणि सेवेत राहिलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ (शारीरिक हानीबद्दलचे साहाय्य) असा वेगळा प्रकार आणला. नियम बदलणे हा सरकारचा अधिकार आहे. पण जुलै 2025 च्या निकालात वादाचा मोठा भाग 2008 च्या नियमांवरच होता, आणि न्यायालयाने तिथेही हेच सांगितले की, नियम बदलला म्हणून कारणे देण्याची जबाबदारी संपत नाही. शब्द बदलून खर्च कमी होईल अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

अवलंबितांच्या बाबतीत हीच वृत्ती अधिक बोचते. सैनिकाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचे तीन स्तर आहेत. सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, सेवेमुळे मृत्यू झाला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन 60 टक्के, आणि लढाई किंवा तत्सम मोहिमेत मृत्यू झाला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन 100 टक्के. कोणता मृत्यू कोणत्या स्तरात बसतो, हे कागदावरची नोंद ठरवते. जानेवारी 2013 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्तीवर असताना एका नाईकाचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. त्याच्या पत्नीला विशेष निवृत्तिवेतन मिळाले, उदारीकृत नाकारले गेले. न्यायाधिकरणाने 2019 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 2024 मध्ये ते अपील फेटाळताना, या विधवेला इथपर्यंत ओढायलाच नको होते, असे न्यायालयाने सुनावले आणि सरकारला 50,000 रुपयांचा खर्च तिला देण्यास सांगितले. पतीच्या मृत्यूपासून अंतिम निकालापर्यंत जवळपास बारा वर्षे गेली. एवढ्या काळात पाळण्यातले मूल सातवीत पोहोचते.

हा दोष केवळ दिल्लीचा आहे, असेही नाही. मे 2020 मध्ये हंदवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना मेजर अनुज सूद यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांनुसार मिळणारे लाभ त्यांच्या पत्नीने मागितले, तेव्हा जन्माने महाराष्ट्राचे किंवा सलग 15 वर्षे राज्यात वास्तव्य, ही अट पुढे करून राज्य सरकारने ते नाकारले. ज्याचे वडीलही लष्करात होते आणि ज्याची स्वतःची नोकरीच बदल्यांची, त्याच्याकडे सलग 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला जात होता. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणात सरकारला अनेकदा खडसावले, निर्णय घ्यायला लावले, आणि अखेर एप्रिल 2024 मध्ये विशेष बाब म्हणून लाभ देत असल्याचे सरकारने न्यायालयाला कळवले.

एका कुटुंबाला न्याय मिळाला याचा आनंद आहेच. तरीही ‘विशेष बाब’ या मार्गाने प्रश्न सोडवण्याला माझा आक्षेप आहे. अट चुकीची असेल, तर ती सगळ्यांसाठी चुकीची आहे. शासन निर्णयात एक ओळ दुरुस्त करायला हवी. अट बरोबर असेल, तर अपवाद का केला, याचे उत्तर द्यायला हवे. अपवाद केला की नियम शाबूत राहतो आणि पुढच्या वीरपत्नीला पुन्हा उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. तिच्याजवळ चांगला वकील, इंग्रजीतली कागदपत्रे समजणारा सासरा किंवा प्रसारमाध्यमांचे लक्ष असेलच, असे नाही. ‘बाब’ विशेष ठरते ती बहुधा याच गोष्टींमुळे.

सरकार असे का वागते? मला यात कोणाचा दुष्टपणा दिसत नाही. दिसते ती फाइलीची रीत. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यावर उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो, त्याला खुलासा द्यावा लागतो. अपील करा, असा शेरा मारणाऱ्याला मात्र कधीच कोणी विचारत नाही. अपील हरले तर न्यायालयाचा आदेश म्हणून पैसे देता येतात आणि कोणाच्याही सहीवर बालंट येत नाही. अशा व्यवस्थेत प्रत्येक टेबलावरचा माणूस स्वतःपुरते शहाणपणाचे वागतो आणि त्याची किंमत सत्तरीतला एखादा माजी सैनिक मोजतो. म्हणून खर्चाची रक्कम सरकारी तिजोरीतून देण्याचा आदेश पुरेसा होत नाही. प्रस्थापित निकालाच्या विरुद्ध अपील करायचे असेल, तर हे प्रकरण त्या निकालापेक्षा वेगळे कसे आहे, हे संबंधित अधिकाऱ्याने आपल्या नावाने, सहीने लिहावे आणि तो कागद याचिकेला जोडावा, अशी सक्ती उच्च न्यायालये करू शकतात. वेगळेपण लिहिता आले नाही, तर याचिका दाखलच होणार नाही. तीनशेपैकी किती याचिका या चाळणीतून खाली उतरल्या असत्या, याचा अंदाज वाचकांनी करावा.

जिंकल्यानंतरची वाटही सोपी नसते. न्यायाधिकरणाला आपल्या आदेशाची अवहेलना झाली म्हणून दिवाणी अवमानाची कारवाई करण्याचा थेट अधिकार कायद्याने दिलेला नाही. त्यामुळे निकाल हातात असलेल्या सैनिकाला अंमलबजावणीसाठी पुन्हा ‘एक्झिक्यूशन’चा अर्ज करावा लागतो. मागे पडलेल्यांची स्थिती त्याहून वाईट. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या सूत्रानुसार, निवृत्तिवेतनासारख्या सतत चालू राहणाऱ्या अन्यायात उशिरा दाद मागता येते, पण थकबाकी सर्वसाधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. निष्काळजी माणसासाठी हे सूत्र रास्त असेल. ज्याला ‘सेवेशी संबंध नाही’ असे सरकारनेच शिक्का मारून कळवले आणि ज्याने सरकारचे म्हणणे खरे मानून वीस वर्षे गप्प बसणे पसंत केले, त्याला मात्र ते सरकारवर विश्वास ठेवल्याचा दंड करते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. संरक्षण मंत्रालयाने एका परिपत्रकाने सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसांना सांगावे की, वैद्यकीय मंडळाने कारण न देता किंवा केवळ शांतता क्षेत्राचा शेरा मारून नाकारलेले दावे स्वतःहून काढून पुन्हा तपासावेत, सैनिकाने अर्ज करण्याची वाट पाहू नये, आणि जिथे दावा मान्य होईल तिथे थकबाकी मूळ तारखेपासून द्यावी. ज्यांचा मृत्यू झाला आहे त्यांच्या पत्नीचा पत्ता निवृत्तिवेतनाच्या नोंदींत असतोच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये गावोगावच्या माजी सैनिकांना ओळखतात. दावा नाकारल्याचे पत्र ज्या कार्यालयातून गेले, त्याच कार्यालयात त्या पत्राची स्थळप्रत आहे. ती शोधून काढायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.